रुग्णालयाच्या नोंदींतील निदान : विश्वास किती ठेवावा?

(नभोवाणीवरील व्याख्यान)



आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कपाटाच्या एखाद्या खणांत एक जाडजूड पाकीट असतें. घरांतील कोणी ना कोणी कधीं तरी रुग्णालयांत राहून आलेलें असतें आणि तेथून निघतांना मिळालेला कागद त्या पाकिटांत जपून ठेवलेला असतो. कागदावर वरच्या बाजूस नांव, वय, दाखल झाल्याची तारीख, घरीं गेल्याची तारीख. आणि त्याखालीं एका ओळींत, बहुधा इंग्रजींत, निदान. घरची मंडळी त्या ओळीकडे शिलालेखाकडे पाहावें तशा आदरानें पाहतात. त्याच ओळीची एक प्रत रुग्णालयांत राहते. पूर्वीं ती जाड नोंदवहींत उतरविली जात असे, आतां ती संगणकांत जाते. अशा लक्षावधि ओळी एकत्र करून कोणता रोग वाढला, कोणतें औषध लागू पडलें, कोणत्या शस्त्रक्रियेनंतर माणसें अधिक दगावलीं, हीं अनुमानें काढण्याचें काम आज जगभर चाललें आहे. त्या अनुमानांवरून उद्यां आपल्याच घरांतील कोणाला तरी एखादें औषध दिलें जाईल किंवा नाकारलें जाईल. तेव्हां ती ओळ कोण लिहितो, केव्हां लिहितो आणि कशासाठीं लिहितो, हें आपणांस ठाऊक असणें बरें.

मी स्वतः ती ओळ शेंकडों वेळां लिहिली आहे. चाळीस वर्षांपूर्वीं मी एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर होतों. पावसाळ्यांत तापाचा कक्ष इतका भरून जाई कीं दोन खाटांच्या मध्यें जमिनीवर गाद्या घालाव्या लागत. रात्रीं दोनच्या सुमारास ताप घेऊन आलेल्या माणसाला तपासून मी केसपेपरवर 'टायफॉईड' असें लिहीत असें आणि त्या शब्दाच्या आधीं एक प्रश्नचिन्ह काढीत असें. हें प्रश्नचिन्ह म्हणजे डॉक्टरांच्या लिपींतील फार महत्त्वाचें अक्षर आहे. मला असा संशय आहे, अजून खात्री नाहीं, परंतु उपचार थांबवितां येत नाहींत, एवढा सगळा अर्थ त्यांत भरलेला असतो. रक्त तपासणीसाठीं जाई. पुष्कळदां अहवाल येण्यापूर्वींच रोगी बरा होऊन घरीं गेलेला असे. महिनाअखेर कारकून केसपेपरांचा गठ्ठा घेऊन येत आणि म्हणत, "डॉक्टरसाहेब, एवढे रकाने भरून द्या, वरून विचारणा आली आहे." मग मी किंवा माझा जोडीदार रकाने भरीत असूं आणि कारकून ते शब्द नोंदवहींत उतरवीत. नोंदवहींत प्रश्नचिन्हाला जागा नव्हती. तें वाटेंत कोठें तरी गळून पडे. कारकुनांची त्यांत कांहींच चूक नव्हती. त्यांना शब्द उतरविण्यास सांगितलें होतें, शंका उतरविण्यास नव्हे.

पुढें पुष्कळ वर्षांनीं एक तरुण संशोधक माझ्याकडे आले. माझ्या उमेदवारीच्या काळांत टायफॉईडवर क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध सर्रास दिलें जात असे. १९९० च्या आसपास भारतांत अनेक ठिकाणीं टायफॉईडचे जंतु त्या औषधाला दाद देईनासे झाले. आमच्या रुग्णालयांत हा बदल केव्हां सुरू झाला असावा, हें त्यांना जुन्या नोंदींवरून पाहावयाचें होतें. कोष्टकें तयार होतीं : टायफॉईडचे रोगी इतके, औषध सुरू केल्यावर इतक्या दिवसांनीं ताप उतरला, इत्यादि. तीं पाहून मला अभिमान वाटावयास हवा होता. वाटला तो संकोच. त्या नीटस आंकड्यांच्या पोटांत माझ्या जागरणांतलीं सगळीं प्रश्नचिन्हें पुरलेलीं होतीं.

ह्यानें बिघडतें काय, तें पाहा. पावसाळ्यांत येणाऱ्या तापांपैकीं पुष्कळसे ताप औषध द्या अगर न द्या, चार-पांच दिवसांत आपोआप उतरतात. असा एखादा ताप 'टायफॉईड' ह्या नांवाखालीं नोंदला गेला म्हणजे तो उतरल्याचें श्रेय औषधाकडे जातें. अशा खोट्या टायफॉईडची भर जितकी अधिक, तितकें औषध अधिक गुणकारी दिसणार. खरे जंतु औषधाला जुमानीनासे झाल्यावरहि कोष्टकांत कांहीं काळ सर्व आलबेल दिसणार. ज्या गोष्टीनें रोग्यांचे जीव धोक्यांत आले, ती कागदावर मागाहून उमटणार.

कोणी म्हणेल, तुमच्या त्या गर्दीच्या कक्षांत असें होत असेल. नांवाजलेल्या ठिकाणीं होत नसेल. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हें अमेरिकेंतील अग्रगण्य रुग्णालयांपैकीं एक. तेथील डॉ. रिचर्ड कॅबट ह्यांनीं १९१२ सालीं तीन हजार शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगी जिवंत असतांना झालेलें निदान आणि मृत्यूनंतर देहांत प्रत्यक्ष आढळलेला रोग, हीं दोन्हीं त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडलीं. मधुमेह आणि टायफॉईड ह्यांच्या बाबतींत डॉक्टर शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक वेळां बरोबर ठरले होते. तीव्र मूत्रपिंडदाहाच्या बाबतींत वीस वेळांहि नाहीं. टायफॉईडचें नांव ऐकून आपण मनांत म्हणाल, मग तुमचेंच निदान एवढें डळमळीत कां? मरणापर्यंत गेलेला टायफॉईड आपलीं सगळीं लक्षणें दाखवून मोकळा झालेला असतो, आणि माझ्यासमोरचा ताप दुसऱ्या दिवसाचा होता, हें त्याचें उत्तर. स्वतःच्या रुग्णालयाच्या चुका अशा छापून काढावयास धैर्य लागतें. परंतु कॅबटांच्या कोष्टकाचा मला भावलेला विशेष निराळाच आहे. रुग्णालय एकच, डॉक्टर तेच, आणि तरीहि एका रोगाची नोंद जवळजवळ निर्दोष, तर दुसऱ्याची जवळजवळ निरर्थक! 'रुग्णालयाच्या नोंदी विश्वसनीय आहेत काय?' हा प्रश्न असा सरसकट विचारण्यांत अर्थच नाहीं. कोणत्या रोगाच्या, हें आधीं सांगावें लागतें.

विज्ञान पुढें गेलें, क्ष-किरणांच्या पुढचीं यंत्रें आलीं, म्हणून हा दोष नाहींसा झाला असेल असें वाटणें साहजिक आहे. बॉस्टनमधल्याच दुसऱ्या एका शिक्षण-रुग्णालयांत १९६०, १९७० आणि १९८० ह्या तीन सालांतील प्रत्येकीं शंभर शवविच्छेदनें तपासून १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वीस वर्षांत तपासणीचीं साधनें पार बदललीं होतीं. तरी तिन्ही वेळां शंभरांपैकीं सुमारें दहा रोग्यांत असा एखादा मोठा रोग आढळला कीं जो आधीं कळला असता तर उपचार बदलले असते. अर्थात् शवविच्छेदन बहुधा कोड्यांत टाकणाऱ्या रोग्यांचेंच होतें, हें येथें विसरूं नये. पण ही कसोटीहि आतां बहुतेक रुग्णालयांत क्वचितच लावली जाते, आणि जी चूक शोधलीच जात नाहीं ती नोंदींत बरोबर म्हणूनच राहते.

दोन जाणत्या डॉक्टरांनीं एकाच रोग्याला पाहिलें तर दोघांचें उत्तर एकच येईल, असेंहि आपण गृहीत धरून चालतों. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेली न्यूयॉर्कमधील एक पाहणी ह्या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. शाळांतील एक हजार मुलें घेतलीं. त्यांपैकीं ६११ मुलांचे टॉन्सिल्स आधींच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनीं तपासलें आणि १७४ जणांचे टॉन्सिल्स काढावेत असें सांगितलें. राहिलीं २१५. तीं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविलीं; त्यांनीं ९९ मुलांना शस्त्रक्रिया सुचविली. राहिलीं ११६. तीं तिसऱ्यांदा दाखविलीं, तर त्यांतूनहि ५१ मुलें शस्त्रक्रियेस पात्र ठरलीं! म्हणजे दोनदां निर्दोष ठरलेल्या मुलांतूनहि जवळजवळ निम्मीं पुन्हां सदोष निघालीं. शेवटीं ६५ मुलें राहिलीं तेव्हां तपासण्यास नवे डॉक्टरच उरले नाहींत, म्हणून पाहणी थांबली. प्रत्येक वेळीं प्रमाण शेंकडा ४४ ते ४६. डॉक्टर अज्ञ नव्हते, अप्रामाणिक तर नव्हतेच. समोर आलेल्या मुलांपैकीं साधारण इतक्यांना शस्त्रक्रिया लागतेच, असा त्यांच्या डोळ्यांना सराव झाला होता. ह्या निदानांची नोंद झाली असती तर ती अक्षरशः बरोबर उतरली असती, आणि तरीहि मुलांच्या घशाविषयीं तिनें फारच थोडें सांगितलें असतें.

येथवर ज्या चुका सांगितल्या त्या अज्ञानाच्या, घाईच्या किंवा सवयीच्या. ह्याहून अधिक त्रासदायक चुका म्हणजे एका बाजूला झुकणाऱ्या. वाण्याचा तराजू नुसता थरथरत असेल तर दहा वेळां वजन करून सरासरी काढतां येते. पण पारड्याखालीं चिंच चिकटविलेली असेल तर हजार वेळां तोलूनहि माल कमीच येणार. अमेरिकेंत मेडिकेअर ही वृद्धांसाठीं असलेली सरकारी विमायोजना आहे. १९८३ सालापासून तींत रुग्णालयाला रोग्याच्या निदानगटाप्रमाणें ठराविक रक्कम मिळूं लागली. पांच वर्षांनीं, १९८८ सालीं, मूळ कागद पुन्हां तपासून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरांपैकीं सुमारें २१ नोंदींत चूक आढळली. चुका निव्वळ गफलतीच्या असत्या तर निम्म्या रुग्णालयाच्या फायद्याच्या आणि निम्म्या तोट्याच्या निघावयास हव्या होत्या. प्रत्यक्षांत शेंकडा ६२ च्या आसपास चुका रुग्णालयाच्या पदरांत अधिक पैसे टाकणाऱ्या होत्या. ह्यांत लबाडी किती आणि दोन शक्य निदानांपैकीं वजनदार तें आधीं लिहिण्याची सहज प्रवृत्ति किती, हें कागदावरून ठरत नाहीं. पण अशा नोंदींवरून 'अमुक गंभीर रोग १९८३ नंतर वाढला' असें अनुमान काढणारा संशोधक रोगाचा नव्हे, बिलाचा इतिहास लिहीत असतो. आपल्याकडेहि आतां सरकारी आरोग्ययोजनांत ठराविक उपचाराला ठराविक रक्कम ही पद्धति आली आहे, तेव्हां हा प्रश्न आपल्या दाराबाहेरचा राहिलेला नाहीं.

पैशाप्रमाणेंच भीतीनेंहि नोंद झुकते. ह्याचें उदाहरण आपल्याच मुंबईचें आहे, जरी तें रुग्णालयाच्या वहींतलें नसून शहराच्या मृत्युनोंदींतलें आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगास ह्यांनीं प्लेग ओळखला. पुढें रोग्यांना सक्तीनें रुग्णालयांत हलविणें, घरच्यांना वेगळें ठेवणें, सामान जाळणें सुरू झालें, आणि प्लेगचें नांव निघालें कीं घरादाराची धूळधाण, हें लोकांच्या मनानें घेतलें. साहजिकच कित्येक घरांतून प्लेगनें गेलेलें माणूस 'तापानें गेलें' असें सांगितलें जाई, आणि नोंदवहींतहि इतर तापांच्या रकान्यांत तें जाऊन बसे. मरण लपविणें अवघड होतें. मरणाचें कारण लपविणें सोपें होतें. म्हणूनच प्लेगचा खरा आवांका शोधणाऱ्यांनीं 'प्लेग' हा रकाना बाजूला ठेवून त्या आठवड्यांतील एकूण मृत्यु मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांशीं ताडून पाहिले. नोंदींतील कोणता आंकडा खोटें बोलण्याची शक्यता सर्वांत कमी, हें ओळखून त्याच्यापासून आरंभ करणें, ही युक्ति आजहि तितकीच उपयोगी पडते.

मृत्यूच्या दाखल्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. त्या दाखल्यावर छापलेलेंच असतें कीं मृत्यूला कारण झालेला रोग लिहा, मरणाचा प्रकार लिहूं नका. तरीहि 'हृदय व श्वसन बंद पडल्यामुळें' असें लिहिण्याची आम्हां डॉक्टरांची खोड जात नाहीं. हृदय आणि श्वसन बंद न पडतां आजवर कोणी मेलेलें ऐकिवांत नाहीं! आणि २०२१ सालच्या अहवालाप्रमाणें भारतांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं डॉक्टरी कारण लिहिलेले मृत्यु चौथ्या हिश्श्याहूनहि कमी होते.

आतां सर्वांत नवलाची गोष्ट. समजा, प्रत्येक निदान अचूक आहे, प्रत्येक कारकून दक्ष आहे, एकहि प्रश्नचिन्ह गळालेलें नाहीं. तरीहि रुग्णालयाच्या नोंदी आपली दिशाभूल करूं शकतात. हें १९४६ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील डॉ. जोसेफ बर्कसन ह्यांनीं दाखविलें. त्या काळीं पित्ताशयाच्या विकारानें मधुमेह जडतो किंवा बळावतो असा कित्येकांचा समज होता, आणि कांहीं ठिकाणीं तर मधुमेहावर उपाय म्हणून पित्ताशय कापून काढण्यांत येत असे.

एक काल्पनिक शहर घ्या. तेथें पित्ताशयाचा विकार असलेले ३,००० लोक आहेत आणि त्यांपैकीं ३०० जणांना मधुमेहहि आहे. म्हणजे शेंकडा दहा. शहरांतील इतर लोकांतहि मधुमेहाचें प्रमाण शेंकडा दहाच आहे. ह्याचाच अर्थ दोन रोगांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. आतां असें धरूं कीं प्रत्येक रोग आपल्या पांचांपैकीं एका रोग्याला रुग्णालयांत पाठवितो. ज्यांना केवळ पित्ताशयाचा विकार आहे अशा २,७०० पैकीं ५४० जण दाखल होतील. दोन्ही रोग असलेल्या ३०० पैकीं ६० जण पित्ताशयापायीं जातील. मागें राहिलेल्या २४० पैकीं ४८ जणांना मधुमेह घेऊन जाईल. एकूण १०८. म्हणजे रुग्णालयांत पित्ताशयाचे रोगी ६४८ आणि त्यांत मधुमेही १०८. शेंकडा जवळजवळ सतरा! शहरांत दहा, रुग्णालयांत सतरा. कोणाचेंहि निदान चुकलेलें नाहीं. ज्याला दोन रोग आहेत त्याला रुग्णालयांत शिरण्यास दोन दरवाजे आहेत, इतकेंच काय तें कारण. ह्या दोन दरवाज्यांचा विचार न केल्यास नसलेलें नातें दिसूं लागतें, आणि तशा नात्यावर विसंबून शस्त्र हातीं घेतलें कीं रोग्याचें पित्ताशय जातें.

मग ह्या नोंदी टाकून द्याव्या काय? मुळींच नाहीं. स्वीडनमध्यें १९८७ पासून देशांतील सर्व रुग्णालयांतल्या रोग्यांची एकत्र नोंद होते. तेथील संशोधकांनीं मूळ कागदांशीं ताडून पाहतां बहुतेक निदानें शंभरांपैकीं ८५ ते ९५ वेळां खरीं आढळलीं. ती नोंद मोलाची ठरली ती केवळ मोठी म्हणून नव्हे. ती पुन्हां पुन्हां तपासली गेली आणि कोणत्या रोगांत ती कच्ची आहे हें छापलें गेलें म्हणून. आपल्याकडेहि ह्या शिस्तीचें उदाहरण आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं मुंबईंत भारतांतील पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगनोंदणी सुरू केली. तेथील सेवक रुग्णालयांनीं पाठविलेल्या आंकड्यांची वाट पाहत बसत नाहींत. स्वतः रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि मृत्यूच्या नोंदींत जाऊन एकेक नांव जुळवितात. एकाच रोग्यानें तीन रुग्णालयांचे उंबरे झिजविले असले तरी तो एकदांच मोजला जातो. १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें ग्रामीण भागासाठीं अशी नोंदणी सुरू झाली, तेव्हां निराळीच अडचण उभी राहिली. गांवांतील पुष्कळ रोगी रुग्णालयापर्यंत पोंचतच नव्हते, मग त्यांचा कागद तरी कोठून असणार? कार्यकर्त्यांना गांवोगांव जाऊन लोकांशीं बोलावें लागलें, लक्षणें असलेल्यांना तपासणीसाठीं वळवावें लागलें. नोंद विश्वसनीय व्हावयाची तर कोणाला तरी अशी पायपीट करावी लागते, मग संगणक कितीहि वेगवान असो.

माझ्याकडे आलेल्या त्या तरुण संशोधकांनींहि शेवटीं पायपीटच केली. कोष्टकें बाजूला ठेवून त्यांनीं नोंदवहींतील 'टायफॉईड' मधून दोनशें नांवें चिठ्ठ्या टाकून काढलीं आणि तेवढे मूळ केसपेपर शोधावयास ते रुग्णालयाच्या तळघरांत उतरले. मीहि दोन-चार दिवस सोबत गेलों. कांहीं कागद सांपडलेच नाहींत, कांहींना वाळवी लागली होती. सांपडलेले त्यांनीं तीन गठ्ठ्यांत घातले : रक्तांत जंतु वाढलेले, ते खात्रीचे, तापाचा क्रम आणि इतर खुणा जुळणारे, ते संभवनीय, आणि बाकीचे निराधार. जंतु वाढविण्याची तपासणीसुद्धां खऱ्या टायफॉईडचे कितीतरी रोगी निसटूं देते, विशेषतः रोग्यानें आधींच बाहेरून औषध घेतलेलें असेल तेव्हां. म्हणून मधला गठ्ठा ठेवावाच लागतो.

तिसऱ्या दिवशीं त्यांनीं एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढें धरला. "डॉक्टर, हें अक्षर आपलेंच ना?" अक्षर माझेंच होतें, आणि शब्दाआधींचें प्रश्नचिन्ह तसेंच्या तसें होतें. रक्ताचा अहवाल जोडलेला नव्हता. ताप तिसऱ्या दिवशीं उतरला होता. त्यांनीं तो निराधार गठ्ठ्यांत ठेवला आणि पुढचा कागद उचलला.